अर्जुनाबाबांचा लोटा

लग्न होऊन मी पलूसला आले, तेव्हा नवऱ्याच्या कपाटात कपडे कमी आणि भानगडी जास्त होत्या. खोट्या तळाची पेटी, दुहेरी अस्तराची पिशवी, रंग बदलणारे रुमाल. हे शाळेत मास्तर; पण जत्रेत कुठे जादूगाराचा तंबू पडला की हे हजर, आणि खेळ संपला की त्याचं साहित्य मागणार. एका पिशवीतून लाकडी अंडं निघालं. जैनाच्या घरात लाकडाचंसुद्धा अंडं चालणार नाही, असं मी बजावलं. तेव्हापासून ते लिंबावर भागवत. तेही एकटेच, आरशासमोर. लोकांपुढे करायला लाजत.

त्यांचा जीव अडकला होता मलकापूरच्या अर्जुनाबाबा जादूगाराच्या लोट्यात. लोटा उपडा करून रिकामा दाखवायचा, आणि जरा वेळानं त्यातूनच पुन्हा पाण्याची धार. अर्जुनाबाबा थकले होते, मूलबाळ नव्हतं. ते लोटा तांबटाकडे मोडीत घालायला निघाले, तेव्हा यांनी हातापाया पडून थांबवलं.

"देतो," म्हातारा म्हणाला, "पन आदी चार लोकांत करून दावा. आन् गुपित कुनाला सांगायचं न्हाई."

शेहेचाळीस सालच्या थंडीत शाळेतच खेळ ठरला. म्हातारा खुर्चीवर, मी दाराशी. लाजत लाजत का होईना, यांनी लोटा उपडा केला, आणि लोट्यानं दगा दिला नाही. रिकामा लोटा पुन्हा वाहू लागला तशी पोरं उभीच राहिली. इथेच थांबायचं होतं. पण मास्तर तो मास्तर. सवयीनं विचारलं, "हे कसं झालं, सांगा पाहू?" कुणाला येईना, तर खडू घेऊन लोटाच फळ्यावर काढला. आत चोरकप्पा, गळ्याशी बारीक भोक. ते अंगठ्यानं दाबलं की हवा आत जात नाही, आणि हवा नाही तर पाणी बाहेर नाही.

भानावर आले तोवर अर्जुनाबाबा उठले होते. त्यांनी लोटा काखेत मारला आणि दाराकडे वळले. हातातोंडाशी आलेला घास गेला. यांचा चेहरा पाहून मला रडू फुटलं.

तेवढ्यात पुढे बसलेली मनू म्हणाली, "आजा, आता तुमी करून दावा की. आमी अंगठाच बगतो."

म्हातारा थबकला. परत आला, लोटा भरला. सगळी पोरं अंगठ्यावर डोळे लावून बसली. तो कधी उचलला, कधी टेकला, एकालाही दिसलं नाही. सगळं ठाऊक असून दिसलं नाही. पोरं ओरडली, "परत, परत."

चौथ्यांदा लोटा वाहिला तेव्हा अर्जुनाबाबांचे डोळे भरले होते.

"जल्मभर गुपित जपलं, मास्तर," ते म्हणाले, "पन माजा अंगठा आज पैल्यांदा कुनी बगितला. लोटा कपाटात न्हाई जायाचा. हितंच ऱ्हाऊ दे, पोरांच्यात."

मला वाटलं, घरी येऊन हे हिरमुसून बसतील. आल्या आल्या त्यांनी कपाट उघडलं आणि पेटी, पिशवी, रुमाल चादरीवर काढून ठेवले.

"उद्या शाळेत नेतो," म्हणाले. "माझा हात कुठं चुकतो, ते पोरं सांगतील."