चवीचं रजिस्टर

दर शुक्रवारी अंडा पुलावाचा वास व्हरांड्यात आला की खुशबूबाईंना चवीचं रजिस्टर नकोसं व्हायचं. बेल्ह्याजवळच्या त्या दोनशिक्षकी शाळेत पोषण आहाराचं काम त्यांच्याकडे. नियम असा, की मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि रजिस्टरात सही करायची. वरणभात होता तोवर बारा वर्षं त्यांनी बिनतक्रार चव घेतली. पण बाई जैन, अंडं जन्मात तोंडाला लावलेलं नाही. मुलांनी खायला त्यांची मुळीच ना नव्हती. उलट त्याच उभ्या राहून वाढायच्या.

चार शुक्रवार त्यांनी रकाना कोरा सोडला. चव घेण्यातून सूट मिळावी म्हणून वरच्या कार्यालयात तीन अर्ज केले. उत्तरादाखल आला तो खुलासा मागणारा कागद, वर कारवाईची तंबी. आता त्यांना तेच तेच समजावण्याचा वीट आला होता.

"जिभेला लावूच नका हो," पाचव्या शुक्रवारी मुख्याध्यापक सुभाष सर म्हणाले. "नुसती सही ठोका. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना सर. उद्या एखाद्या पोराला बाधलं, तर त्या सहीचं काय? तुम्हीच घ्या आज चव."

"काम तुमच्याकडे आहे, मॅडम. आणि आज तर मला जमायचंच नाही. संकष्टीचा उपास आहे. शाळा सुटली की लेण्याद्रीला जायचंय."

"मग वर अर्ज दिलात?"

"उपासाला कसला अर्ज?" सरांना खरोखरच कळेना.

तेवढ्यात स्वयंपाकीण साळुबाई दारात आली. "म्या घेतली चव, बाई. मीठ बराबर हाय. पोरं ताटं वाजवाया लागली."

बाईंनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: 'चव स्वयंपाकिणीने घेतली. मुख्याध्यापकांनी उपासामुळे घेतली नाही. शिक्षिकेने धर्मामुळे घेतली नाही.' खाली सही करून सरांपुढे सरकवलं.

वाचता वाचता सरांचे कान लाल झाले. "माझी ओळ तेवढी खोडा."

"खोटी आहे का ती?"

सर पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले. शेवटी काहीतरी पुटपुटत त्यांनी सही केली.

पोरं हात धुऊन पंगतीत बसली. बाईंनी पुलावाचं पातेलं उचललं. जिंकल्यासारखं काहीच वाटेना. जाता जाता त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पुढच्या शुक्रवारी संकष्टी नव्हती.