सात खटक्यांचं कुलूप

कुलूपवाल्याच्या घराण्यात दोन गोष्टी पिढीजात चालत आल्या होत्या, हातातलं कसब आणि पोटातली धाकधूक. त्याचे पणजोबा एकदा परगावच्या मित्राला भेटायला निघाले, तर दाराचं कुलूप नीट लागलंय का हे बघायला इतक्यांदा मागे फिरले, की शेवटी कंटाळून मित्रच यांच्या पायरीवर येऊन बसला. आजोबा झोपताना एक पाय पलंगाला बांधून घेत, स्वप्नात भलतीकडे भटकू नये म्हणून. खोटं वाटत असेल तर तो पलंग अजून आहे. दोरी तेवढी झिजली.

कुलूपवाला स्वतः दार लावलं की कुलूप तीनदा ओढून बघायचा, म्हणून गल्लीनं त्याचं नाव 'तीनदा' पाडलं होतं. त्याची बायको मात्र बस चालवायची. उतारावरच्या वळणाला साठ उतारू जीव मुठीत धरून बसत, तेव्हा ही पुढे बसून गाणं गुणगुणत असे. अशा दोघांच्या पोटी पोर आली ती पायाला भिंगरी लावूनच, म्हणून तिला भिंगरीच म्हणू लागले.

भिंगरी रांगायला लागली आणि कुलूपवाल्यानं काड्यापेटीच्या खणाला कुलूप घातलं. चालायला लागली तशी कात्रीला, गच्चीच्या दाराला, औषधांच्या डब्याला कुलपं आली. शेवटी त्यानं साखरेच्या बरणीलाही कुलूप केलं, कारण काच फुटते. परिणाम व्हायचा तोच झाला. इतर पोरं ठोकळ्यांशी खेळत त्या वयात ही कुलपांशी खेळली, आणि सहाव्या वर्षी केसांतल्या पिनेनं घरातलं एकूण एक कुलूप उघडून बसली. गच्चीवर ती सापडली तेव्हा कुलूपवाल्यानं तिला दोन्ही हातांनी कठड्यापासून मागे ओढलं, पण मिशीत हसू मावत नव्हतं.

एका डॉक्टरीणबाईंचं औषधांचं कपाट अडकलं होतं. ते दुरुस्त करता करता त्यानं मनातलं विचारून घेतलं, की ही आमची धाकधूक पोरीच्या रक्तात गेली असेल का. बाई म्हणाल्या, थोडी गेलीच असणार. "पण नुसत्या रक्ताचं घेऊन बसू नका. तुम्ही तिचा हात ज्या धास्तीनं धरता, ती धास्तीही त्याच रक्तातून आलेली. म्हणजे जनुकं एकदा आतून काम करतात, आणि एकदा तुमच्या हातून."

कुलूपवाला त्या दिवशी घरी आला तो स्वतःच्या हातांकडे बघत.

त्यातच भिंगरीला आठवं लागलं आणि तिनं जाहीर केलं की आता शाळेत एकटी जाणार. शाळा तीन वळणांवर. तिथवर कुलूपवाला तिचं मनगट धरून नेई, आणि वर्गातली पोरं विचारत, तुझे बाबा हरवतात का गं? बायकोनं त्याला स्पष्टच सांगितलं, की तुमच्या घराण्यानं पोरं वाढवली नाहीत, जपून ठेवली. हे त्याला लागलं. पण एकदम हात सोडणं काही जमेना, म्हणून त्यानं पैज लावली. मी एक कुलूप करतो. ते उघडलंस की दुसऱ्या दिवसापासून एकटी जा.

महिनाभर खपून त्यानं सात खटक्यांचं कुलूप केलं आणि दुकानातल्या माणूसभर उंच लोखंडी कपाटाला बसवलं. असं कुलूप पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं. त्याच्याजवळून जाताना माशीसुद्धा उडायचं सोडून अदबीनं चालत असे. रविवारी सकाळी बायको कामावर होती आणि भिंगरी बाहेर पायरीवर. खटके आतून कसे बसतात ते बघावं म्हणून कुलूपवाला बॅटरी घेऊन कपाटात शिरला आणि दार ओढून घेतलं. सातही खटके एकामागून एक सुरेख बसले. मग त्याच्या ध्यानात आलं, की किल्लीचं भोक बाहेरच्या अंगाला आहे, आणि किल्ली आपल्या खिशात. किल्ली खिशाबाहेर ठेवायची नाही, हा घराण्याचा नियमच होता. दुसरा कोणी असता तर किल्ली बाहेर लटकत राहिली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

हवेची काळजी नव्हती. कपाटाला त्यानं चाळीस बारीक भोकं आधीच पाडून ठेवली होती, न जाणो कोणी अडकलं तर. किल्ली बाहेर जाईल एवढं मात्र त्यात एकही नव्हतं.

त्यानं आतून ठोकलं. भिंगरी आली, भोकांतून तिनं बापाला नीट पाहून घेतलं आणि केसांतली पिन काढली. पहिले दोन खटके चटकन गेले. कुलूपवाल्याला राहवेना. जपून, बोट चिमटेल. डावीकडे नको. आईला येऊ दे. पिन तुटेल. तिसरा खटका दोनदा सुटून परत बसला.

"बाबा," ती म्हणाली, "तू बोललास की मला कुलूप ऐकू येत नाही."

कुलूपवाला गप्प झाला. चार पिढ्यांत त्या घराण्यातला कोणी बाप पोर काम करत असताना गप्प बसला नव्हता. जीभ दातांत धरून, घामाघूम होऊन, तो बॅटरी विझवून अंधारात नुसता ऐकत राहिला. तिसरा गेला. चौथा. पाचव्याला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याला कळलं की पोर अडते तिथे थांबते, श्वास सोडते, मग पुन्हा धरते. अगदी तो स्वतः करतो तसं. हे त्यानं तिला कधीच शिकवलं नव्हतं. एरवी तिला असं अडू दिलंच कुठे होतं, म्हणून दिसलंही नव्हतं.

सातवा खटका पडला आणि दार उघडलं.

"हे पैजेत धरायचं," भिंगरी म्हणाली.

"धरलं," कुलूपवाला म्हणाला, आणि तिला इतकं घट्ट आवळलं की तिनं पुन्हा पिन काढायची धमकी दिली.

सोमवारी बायकोनं मुद्दाम उशिराची पाळी घेतली. दोघं दारात उभे राहिले. भिंगरी दप्तर घेऊन निघाली, पहिल्या वळणाशी पोहोचली आणि थांबली. कुलूपवाल्यानं पाऊल उचललं तसा बायकोनं त्याचा सदरा मागून धरला.

भिंगरी परत आली. बापाच्या खिशात हात घालून तिनं सात खटक्यांची किल्ली काढली.

"मी येईपर्यंत कपाटाजवळ जाऊ नकोस," ती म्हणाली. किल्ली तिनं दप्तरात टाकली, चेन लावली, आणि ती नीट लागलीय ना हे तीनदा ओढून बघितलं. मग गाणं गुणगुणत वळणाआड गेली.