धुतलेल्या ढलप्या

ताईने तपासणीचे थेंब टाकून कुपी उन्हात धरली आणि आतलं पाणी गुलाबी झालं. गुलाबी म्हणजे नायट्रेट. शेतांतलं खत पावसाबरोबर मुरत विहिरीत उतरलेलं. विहिरीशेजारच्या टाकीत तिनेच गाळणी उभी केली होती. मागच्या आठवड्यात गाळलेल्या पाण्याला रंगाचा मागमूसही नव्हता, म्हणून तर तिने धाकट्या भावाला हिरवा कंदील दाखवला. आणि आज त्याची बायको तान्ह्या लेकीला घेऊन माहेरून निघाली होती.

"काय गं?" भाऊ मागे उभा होता, बाह्या दुमडून.

तिने टाकीचं झाकण सरकवलं. आतल्या लाकडाच्या ढलप्या कोऱ्या करकरीत दिसत होत्या.

"काल दिवसभर खपून धुतल्या," तो म्हणाला. "सगळ्यावर बुळबुळीत काहीतरी चढलं होतं. म्हटलं, ती येतेय, तर लख्ख असू दे."

"ते बुळबुळीत म्हणजेच गाळणी होती रे. त्यातले जंतूच नायट्रेट संपवतात. लाकूड नुसतं त्यांचं खाणं. आता पुन्हा थर धरायला महिना तरी जाईल."

त्याने एक कोरी ढलपी उचलून बोटांनी चाचपली. ताईला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. "उकळून दिलं की झालं," हे पालुपद त्याने पोरीचे ओठ निळे पडेपर्यंत लावलं होतं; नायट्रेट उकळून जात नाही. इस्पितळात डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बंद केलं आणि बायकोने घर सोडलं.

फाटकाशी गाडी थांबली.

"ताई, आज बोलू नकोस," तो कुजबुजला. "थर धरेपर्यंत मी सांभाळून घेतो. नाहीतर ती पायरीसुद्धा चढायची नाही."

ताईने कुपी मुठीत झाकली. त्याचं सांभाळून घेणं तिने इस्पितळात पाहिलं होतं.

भावजय लेकीला खांद्यावर घेऊन सरळ टाकीपाशीच आली.

"ताई, पावडरचं दूध कालवायला हे पाणी घेऊ ना?"

ताईने तोंड उघडलं, पण भाऊच मध्ये बोलला.

"नको घेऊस." त्याने ताईच्या मुठीतून कुपी काढून बायकोपुढे धरली. "मी गाळणी धुतली. सगळी वाट लावली. महिना लागेल म्हणते ताई. तू परत गेलीस तरी... माझं काही म्हणणं नाही."

भावजयीने त्या गुलाबी पाण्याकडे पाहिलं. मग तिने लेक अलगद त्याच्या हातांत दिली.

"ताई, डिकीत पाण्याचे कॅन आहेत," ती म्हणाली. "जरा हात लावता का? याचे हात अडकलेत."