पूर्वीची होडी

या, पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट डोळा लागू देण्यासारखी नाही. मी कीर्तनाचा वेडा माणूस. पूर्वरंग आटोपून बुवांनी उपरणं सावरलं आणि कथेला हात घातला, की माझी मान आपोआप पुढे जाते. आज तुमचीही जाऊ द्या. गोष्ट आपल्या डहाणूतल्या हंसाची आणि तिच्या नातीची आहे. गोड शेवट मात्र मागू नका. तो माझ्यापाशी नाही.

हंसाचं घर खाडीकडच्या आळीत. दारात बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या, आणि आत गेलं की समोरच देव. तिचा नवरा नारू गुडघे धरेपर्यंत बोटीवर जायचा, आता ओट्यावर बसून जाळी विणतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवतो. मुलगा नयन गुजरातच्या हद्दीतल्या कारखान्यात कामाला. सून दक्षा उंबरगावकडची, म्हणून सासूला बा म्हणणारी. आणि पूर्वी, चार वर्षांची, साऱ्या आळीची लाडकी.

नयनने जुनी का होईना, गाडी घेतली. मग त्याच्या कारखान्यातल्या एका साहेबाची मुलं मोठी झाली, तेव्हा त्यांची गाडीत बसवायची खुर्ची तो पूर्वीसाठी घेऊन आला. खांद्यावरून दोन आणि कमरेवरून दोन असे पट्टे येऊन पोटापाशी एका कडीत बसायचे.

हंसाने ती बघितली आणि पदर तोंडाला लावून हसली.

"बांधून न्यायला पोरगी काय कोंबडी आहे?"

"कोंबडीला आपण पाय बांधून उलटी नेतो," ओट्यावरून नारू म्हणाला. "ही सुलटी बसलीय. राजाची पोर आहे ती, तुला काय कळणार."

"बा, बांधायलाच पाहिजे," दक्षा म्हणाली. "रडली तरी बांधायचं."

रडायचा प्रश्नच आला नाही. पूर्वीने त्या खुर्चीचं नाव होडी ठेवलं. तिच्यात बसली की दोन्ही हातांनी वल्हं मारायची, आणि कडी लागताना टक आवाज झाला की आजोबांसारखंच ओरडायची, "सोड रे दोर!" तो आवाज झाल्याशिवाय बापाला गाडी सुरू करू द्यायची नाही.

आता देवीचं ऐका. हंसाच्या घरी कुळदेवीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवीची मूर्ती. हात लागून लागून तिचा चेहरा पुसट झाला होता. नाक गेलं, डोळे गेले. नवा टाक घडवायला म्हणून तलासरीला जुन्या ओळखीच्या सोनाराकडे दिला, आणि चैत्रातल्या एका शुक्रवारी तो आणायचं ठरलं. दक्षा घरी थांबली. देवी दारात आली की तिला ओवाळून आत घ्यायला घरची सून हवी. निघताना तिने पूर्वीला होडीत बसवलं, कडी लावली, वेणीला अबोलीचा गजरा बांधला.

तलासरीला सोनाराने टाक हातात दिला तेव्हा हंसाचे डोळे भरले. देवीला पुन्हा चेहरा आला होता. तिने बरोबर आणलेल्या छोट्या लाकडी देव्हाऱ्यात लाल कापडावर टाक ठेवला, कुंकू वाहिलं, फुलं घातली. सगळे गाडीपाशी आले आणि तिथे प्रश्न उभा राहिला, की देवी बसणार कुठे.

हंसाच्या सासरी रीत अशी, की नव्या घडवलेल्या देवाला घरी नेताना खाली ठेवायचं नाही आणि मांडीवरही घ्यायचं नाही. मांडी संसाराची, देवाला त्याचं वेगळं आसन पाहिजे. जुन्या काळी बैलगाडीत देवासाठी चौरंग बांधत. या गाडीत कसला चौरंग? मागच्या सीटवर नुसता देव्हारा ठेवून बघितला, तर तो डगडगायला लागला.

हंसाची नजर होडीवर गेली.

"हे बघ," ती म्हणाली, "स्वतःचं आसन, वर पट्टे. देवीसाठीच केल्यासारखं."

"आई, ते पूर्वीचं आहे," नयन म्हणाला. "देव्हारा तू धर ना हातात."

"प्रतिष्ठेआधी देवीला मांडीवर घेऊ? तुझ्या आजीने हे ऐकलं असतं तर तुला जेवायला दिलं नसतं."

"मग पूर्वी कुठे बसेल?"

"माझ्याजवळ. तुला याच मांडीवर घेऊन मी सुरतेपर्यंत गेलेय. पडलास कधी?"

"पडला असेल," नारू पुढच्या सीटवरून म्हणाला. "म्हणून तर असा निघाला."

नयनला हसू आलं. हसू आलं तिथेच त्याचा विरोध संपला. तरी तो एकदा मुलीकडे वळला. पूर्वी देवीकडे बघत होती, नव्या चांदीकडे, कुंकवाकडे.

"देवीला बसू दे माझ्या होडीत," ती म्हणाली. "तिला वल्हवता येतं?"

"तिला सगळं येतं," हंसा म्हणाली, आणि नातीचा मुका घेतला.

नयनने देव्हारा होडीत ठेवला, पट्टे आवळून घेतले. टक. पूर्वी आजीच्या मांडीवरून ओरडली, "सोड रे दोर!"

हायवेवर जायचं नाही, असं हंसानेच सांगितलं. मोठमोठे ट्रेलर अंगावर येतात, त्यापेक्षा आतून कोसबाडवरून जाऊ, रस्ता ओळखीचा, हळूहळू जाऊ. तसे ते हळूच आले. नारूने आणि नयनने पट्टे लावले होते, नाक्यावर पोलीस अडवतात म्हणून. हंसाने नातीच्या पोटावरून हात नेऊन बोटांत बोटं गुंफली होती. वल्हं मारलेले, ओल्या बोंबलाच्या पाट्या वाहिलेले हात. या हातांवर तिचा जेवढा भरवसा होता तेवढा दुसऱ्या कशावर नव्हता.

दक्षाचा फोन आला. नारूने घेतला.

"कुठे आलात?"

"कोसबाड आलं. ताट तयार ठेव."

"पूर्वी झोपली का?"

"झोपते कसली. देवीला वल्हवायला शिकवतेय."

चिकूच्या वाडीच्या कुंपणातून एक वासरू एकदम रस्त्यावर आलं. नयनने ब्रेक दाबला. कडेच्या खडीवरून चाकं घसरली आणि गाडी मोरीच्या कठड्याला जाऊन लागली. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. वाडीतली माणसं नंतर म्हणत होती, आम्हाला वाटलं कुणी फळी टाकली.

हंसाचे हात उघडले. तिने ते उघडले नाहीत, ते उघडले. तिने सारा जीव बोटांत आणला होता, आणि ती बोटं कोणी दुसऱ्याची असल्यासारखी सुटली. नात दोन सीटांच्या मधून पुढे गेली. गजरा तेवढा आजीच्या हातात राहिला.

वासरू रस्त्यातच उभं होतं. नारूच्या छातीवर पट्ट्याचा निळा वळ उठला होता, नयनच्या कपाळाला काच लागली होती, हंसाचं मनगट मोडलं होतं. होडीत देवी जशीच्या तशी बसली होती. कपाळावरचं कुंकूसुद्धा सांडलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीण बाहेर आली. तिने नयनला एवढंच विचारलं, "मांडीवर होती?" नयन आईकडे न बघता म्हणाला, "हो." ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं हंसाला पुढे कितीदा तरी वाटलं.

आणि घरी दक्षा दारात उभी होती. उंबऱ्यावर रांगोळी, हातात ताट, ताटात निरांजन. वारा होता म्हणून वातीपुढे तळहात धरलेला.

आता यापुढचं सांगायला मला जास्त जड जातं. पोर गेलं की आळी घरात येते, येणारच. माणसं आली. शेजारची पुष्पा आली, तिने देव्हाऱ्यासमोर हात जोडले आणि सगळ्यांना दाखवलं, "गाडीचं तोंड बघा नि देवीचा चेहरा बघा. कुंकवालासुद्धा धक्का नाही. केवढी जागृत." मग ते तोंडातोंडी मसोलीपर्यंत गेलं. लोक देवी बघायला येऊ लागले. ओट्यावर चपला साचल्या. कोणी म्हणे, पोरीने स्वतःचं आसन दिलं, पुण्यवान जीव, देवीने पायाशी घेतला. दक्षाला रडू आलं की बायका तिचे डोळे पुसत, "रडू नको गं, देवीने नेलंय तिला, असं रडून चालत नाही." दक्षाने रडणं सोडलं. सासूशी बोलणंही सोडलं. हंसाने भाकरी पुढे ठेवली की खायची, बस.

नारूने टर उडवणं बंद केलं. जाळ्याचा एकच कोपरा विणायचा नि उसवायचा.

हंसा देवीसमोर बसायची. हात प्लास्टरात, जोडता येत नव्हते. दिवसभर एकच विचार. लोक म्हणतात हा चमत्कार. चमत्कार असेल तर देवी त्या गाडीत जागी होती. जागी होती, आणि तिने स्वतःला राखलं आणि शेजारच्या पोरीला जाऊ दिलं. अशा देवीपुढे दिवा कसा लावू? आणि चमत्कार नसेल तर? तर देवीला पट्ट्याने धरून ठेवलं, आणि तो पट्टा पूर्वीचा होता, आणि तो तिच्या अंगावरून काढून दुसरीकडे लावणारी मी. दोन्हीकडे काळोख. पण एकीकडे देवी जात होती, आणि दुसरीकडे हंसा.

देवळात सप्ताह बसला. हंसा कधी कीर्तन चुकवायची नाही, बायकांत पहिल्या ओळीत तिची जागा ठरलेली. दिवस मावळताना ती गेली, सवयीने पुढे जाऊन बसली. दक्षाला पुष्पाने हात धरून आणलं होतं, ती मागे खांबापाशी होती. बुवा बाहेरगावचे, गळा गोड, मन मऊ. कुणीतरी त्यांना सगळी हकिगत सांगितली होती. दुःखाला काहीतरी टेकू द्यावा, एवढाच त्यांचा हेतू. उत्तररंगात ते म्हणाले, याच गावात एका चिमुरडीने जगदंबेला आपलं आसन दिलं. आई म्हणाली, बाळ, तू मला आसन दिलंस, आता मी तुला देते. आणि तिने...

मृदंगाने हलका ठेका धरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"बुवा, जरा थांबा," हंसा म्हणाली.

कीर्तन कोणी थांबवत नाही. बुवांना वाटलं, बाईला भोवळ आली. पण ती उभी होती.

"कथा चुकतेय. पोरीने आसन दिलं ते खरं. लहान पोर मागेल त्याला देतं. द्यायचं की नाही ते बघायला मी होते ना तिथे, मोठी."

"माई, बसा," बुवा हळूच म्हणाले.

"बसते. देवीला काही झालं नाही, कारण तिला पट्टा होता. त्या जागी नारळ ठेवला असता तर नारळ वाचला असता. पूर्वीला पट्टा नव्हता. तिला माझे हात होते." तिने प्लास्टर काढलेला, वाळलेला हात वर केला, जसा काही तो कुणी मागितला होता. "देवीने तिला बोलावलं नाही. देवीवर हे घालू नका. हे माझं आहे. आणि बुवा, पुढच्या गावी असं सांगू नका. कोणी ऐकेल, आणि पोर मांडीवर घेऊन बसेल, देवी बघेल म्हणून."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मृदंगवाल्याचा हात कातड्यावर तसाच राहिला.

तेव्हा मागे खांबापाशी आवाज झाला. दक्षा रडत होती. पुष्पा तिचे डोळे पुसायला गेली तर तिने हात झटकला आणि तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी, रडत राहिली. इतक्या दिवसांत तिला कोणी रडू दिलं नव्हतं. हंसा बायकांमधून वाट काढत तिच्यापाशी गेली, वाकली.

"हात नका लावू, बा," दक्षा म्हणाली.

हंसाने हात लावला नाही. हातभर अंतर ठेवून ती जमिनीवर बसली. बुवांनी कथा पुढे नेली नाही. आरती झाली, लोक गेले, दोघी तिथेच होत्या, मधलं हातभर अंतर तेवढंच ठेवून.

तेवढंच आजही आहे. होडी माळ्यावर आहे. कुणी मागितली तर दक्षा देत नाही आणि नयन वर बघत नाही. हंसा रोज देवीपुढे दिवा लावते. काही मागत नाही. मागायला तिच्याजवळ काही उरलेलं नाही.

झालं. आता तुम्ही उठाल, कुणाला घोलवडला जायचं असेल, कुणाला तलासरीला. पोरं गाडीत चढतील, आणि तुमच्या ओठांवर येईल, इथेच तर जायचंय, बसव मांडीवर. तेव्हा एका पोरीची आठवण ठेवा, जिच्या वेणीला अबोलीचा गजरा होता आणि जी टक ऐकल्याशिवाय बापाला गाडी हलवू द्यायची नाही. तिचं नाव पूर्वी. मी विसरलो तरी तुम्ही विसरू नका.