बरगडी माझी नाही

आईची एक्स-रे फिल्म बदलायची कल्पना मामाची, पण नावाचं लेबल चिकटवलं मी.

आई एकतीस वर्षं इस्पितळाच्या एक्स-रे विभागात होती. हजारो लोकांच्या छात्या तिने उजेडाच्या पेटीवर लावून पाहिल्या, आणि कुणी "काय दिसतंय हो?" विचारलं की तिचं एकच उत्तर, "डॉक्टर सांगतील." निवृत्तीनंतर सात वर्षांनी तिचा खोकला हटेना, तेव्हा त्याच खोलीत, त्याच भिंतीशी तिला उभं केलं ते तिच्याच हाताखाली शिकलेल्या बारकीने. बारकी आता चाळिशी ओलांडलेली, विभागाची प्रमुख. आईसाठी मात्र ती बारकीच.

"काय दिसतंय?" आईने मुद्दाम विचारलं.

"डॉक्टर सांगतील, बाई," बारकी म्हणाली. आई खो खो हसली आणि खोकत बाहेर बाकावर जाऊन बसली. बारकीने मला आत बोलावलं, दार लावलं आणि फिल्मवर बोट ठेवलं. तिथे एक पांढरा डाग होता.

डॉक्टरांनी चार महिने सांगितले, फार तर पाच.

"ताईला कळता कामा नये," मामा म्हणाला. "रोगाआधी भीतीनेच जाईल ती."

त्याचं चूक नव्हतं. आई नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. कुणीतरी तिला उचलून त्यांच्या कपाळाचा मुका घ्यायला लावलं. तो गारठा तिच्या ओठांवरून कधी गेला नाही. त्यानंतर तिने मेलेल्या माणसाचं तोंड पाहिलं नाही. आम्ही ख्रिस्ती. दर रविवारी देवळात गाताना सगळ्यांत मोठा आवाज तिचा, पण कुणाला पुरायला गेलो की आई दफनभूमीच्या फाटकाबाहेर थांबायची. "तुमच्या छत्र्या, पिशव्या सांभाळते," म्हणायची. बाबांना पुरलं तेव्हाही ती फाटकाशीच होती. अकरा वर्षांत तिने त्यांची कबर पाहिलेली नव्हती.

म्हणून आम्ही ते केलं. "ज्या बाईंनी शिकवलं त्यांनाच फसवायचं?" असं म्हणत बारकीने शेवटी कुणाच्या तरी निरोगी छातीची जुनी फिल्म दिली. मी आईचं नाव छापून कोपऱ्यातल्या नावावर चिकटवलं. मृत्यूवर लिहिलेलं मी आयुष्यात बरंच वाचलंय. त्यातलं त्या दिवशी काहीही उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडला तो डिंक.

आईने फिल्म घराच्या खिडकीशी, उजेडात धरली. मामा शेजारी उभा राहून उगाच घसा साफ करत होता.

"वा," आई म्हणाली. "गडी तब्येतीने उत्तम आहे."

"कोण गडी?" मामाने विचारलं.

"हाच. खांदे बघ की. पैलवान असावा." तिने फिल्म खाली केली. "माझी डावी सहावी बरगडी मोडून वाकडी जुळलीय. स्टुलावरून पडले होते, विसरलास? नाव माझं आहे, बरगडी माझी नाही. कुणी केलं हे?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"बारकीला एवढी अक्कल नाही, म्हणजे तुम्ही दोघं," आई म्हणाली. मला वाटलं आता ती रडेल. पण ती चिडली होती. "दर रविवारी माझ्या शेजारी उभे राहता ना? मी येशूची कबर रिकामी झाली म्हणून ओरडून गाते, ते ऐकता ना? मग माझा विश्वास काय कापसाचा वाटला, म्हणून दुसऱ्याची छाती चोरून आणलीत?"

"ताई, तू घाबरतेस म्हणून..."

"घाबरतेच! अजून घाबरते. घाबरते म्हणून खोटं घेऊन या, असं कधी म्हटलं मी? माझी फिल्म आण."

मी आणली. ती बराच वेळ पाहत राहिली, जशी कामावर असताना परक्या माणसाची पाहायची. मग म्हणाली, "बारकीने काढलीय मात्र छान," आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली. आतून नळाचा आवाज येत राहिला. मामा आणि मी दाराबाहेर जमिनीवर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या देवळाचे पाळक आले. ते तसे मऊ स्वभावाचे. मरण म्हणजे एक दार, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं.

"थांबा," आई म्हणाली. "मरण शत्रू आहे, असं तुम्हीच शिकवलंत. आता माझी पाळी आली, तर त्याचं दार कसं झालं? मला गोंजारू नका. तो हरला की नाही, तेवढं सांगा."

पाळकांनी चष्मा काढला. "हरला."

"खात्री आहे?"

"आहे. बाई, खरं सांगू? भीती मलाही वाटते. पण खात्री आहे."

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही एकदम."

"मग जमेल," आई म्हणाली. "मला वाटत होतं, भीती गेल्याशिवाय विश्वास खरा नाही. उगाच साठ वर्षं फाटकाशी उभी राहिले." मग मामाकडे वळून, "तुझी गाडी काढ."

फाटकाशी ती उतरली. मी तिचा हात धरला, तो थंडगार आणि ओला होता. तिने फाटकाची सळई पकडली. मी म्हटलं, "आई, परत जाऊ या का?"

"गप बस. पाय कापतायत, तोंड नाही."

दर दहा पावलांवर थांबत ती बाबांच्या कबरीपर्यंत गेली. दगडावरची धूळ पदराने पुसली, नाव वाचलं. मग मरणाशी भांडावं तशी जमिनीकडे बघून बोलायला लागली.

"ऐक. माझे वडील नेलेस. मी लहान होते, मला काही बोलता आलं नाही. मग नवरा नेलास, तेव्हाही मी बाहेर उभी राहिले. आता मला नेशील. ने. पण ठेवून घेता येणार नाही तुला. येशूला तीन दिवससुद्धा धड ठेवता आलं नाही. हे सगळे परत द्यावे लागतील तुला, एकूण एक, आणि मीही त्यांच्यात असेन. समजलं?"

धाप लागून ती कबरीच्या कडेवरच बसली. मामा हुंदके देत होता. "तू काय रडतोस, तुला नाही बोलले," ती म्हणाली.

तिथून निघताना तिने मला एकच गोष्ट मागितली. वेळ आली की मी तिला सांगायचं. "डॉक्टर सांगतील, असं म्हणायचं नाही. तू सांगायचंस."

अकरा आठवड्यांनी एका दुपारी इस्पितळात ती वेळ आली. नखं निळी झाली होती. मामा पायाशी, बारकी उशाशी होती. मी तिच्या कानाशी वाकले. "आई, आता थोडाच वेळ आहे."

तिने डोळे उघडले. "नक्की?"

"नक्की."

"घाबरलीस?"

"हो."

"मीही. चल, म्हण."

दर रविवारी सगळे उभे राहून म्हणतो तो विश्वासाचा अंगीकार तिने सुरू केला. एका श्वासात दोन शब्द, मग एक. देहाच्या पुनरुत्थानाच्या ओळीपर्यंत तिचा श्वास पुरेना, म्हणून तिथून आम्ही तिघांनी उचललं, आणि मामाचा आवाज मुळातच दणदणीत.

नर्स धावत आली. "अहो, जरा हळू. शेजारी पेशंट आहेत."

आईचे डोळे मिटलेले होते. तरी ओठ हलले, आणि स्पष्ट ऐकू आलं.

"नाही."

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.