चाकणपर्यंत

सलीमभाईंनी मागच्या सीटवर अंगठा रोवला, क्षणभर दाबून धरला आणि उचलला. पडलेला खड्डा भरून यायला वेळ लागला.

“फोम हलका हाय,” ते म्हणाले. “दोन वर्सांत बसंल.”

जुन्नरच्या बाजारपेठेत तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांची सीटकव्हरं शिवली होती. घरात स्वतःची गाडी पहिल्यांदाच येणार होती. मुलगा अमन चाकणच्या कंपनीत कायम झाला, तेव्हापासून हा विषय निघत होता. आज रविवार, म्हणून दोघं एसटीने मंचरच्या शोरूमला आले होते.

अमन बॉनेट उघडून उभा होता. तीन गाड्यांची तुलना त्याने मोबाइलमध्ये लिहून आणली होती. डिकीवाली लांब गाडी मायलेजला चांगली, पण गतिरोधकावर तिचं पोट घासलं. ही दुसरी उंच होती, मागे तिघं ऐसपैस बसत होते. सलीमभाईंना ती पटली होती. तिसरी दिसायला हिच्यासारखीच, फक्त इंजिन टर्बो.

“रोजच्या वापराला ही पुरेशी आहे, सर,” शोरूममधली दिशा म्हणाली. “सर्व्हिसिंगचा खर्चही कमी येतो.”

“पिकअप नाही हिला,” अमन म्हणाला. “टर्बो चालवून बघू.”

 सलीमभाई टर्बोच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. दिशा अमनशेजारी बसली आणि गाडी बायपासला लागली.

रस्ता मोकळा होता. अमनने दोन ट्रक मागे टाकले, मग एक एसटी. ऐंशीचे शंभर झालेले कळलेही नाहीत.

“सर, शंभरच्या आत ठेवा प्लीज.”

“एकदाच, मॅडम.”

काटा एकशे वीसवर गेला. सलीमभाईंनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

“अमन, हळू घे.”

“अब्बा, बघायलाच तर आलोय.”

तेवढ्यात डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आला. अमनने ब्रेकवर पाय दाबला. टायर किंचाळले, गाडी आडवी होता होता सरळ झाली आणि ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली. ट्रॅक्टरवाला मागे वळून काहीतरी ओरडला आणि निघून गेला.

अमनने गाडी कडेला घेतली. दिशाचा चेहरा उतरला होता. “मी शोरूमला फोन करून येते,” म्हणत ती उतरली आणि बरीच पुढे जाऊन उभी राहिली.

सलीमभाई पुढे सरकले.

“येवढी पळणारी गाडी तुला कशाला पायजे?” सलीमभाईंनी विचारलं.

अमनने मागे पाहिलं नाही. “तुम्हाला ठाऊक आहे.”

त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी अमनच्या आईला, जहाँआराला, सकाळी दहाच्या सुमारास छातीत कळ आली. हृदयाचं आहे, मोठ्या दवाखान्यात न्या, असं जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ॲम्ब्युलन्स मिळेना, तेव्हा शेजारच्या भिकाभाऊंनी आपली जुनी गाडी दिली. अमन बावीस वर्षांचा होता. तोच चालवत होता. मागे सलीमभाईंच्या मांडीवर जहाँआराचं डोकं होतं. ती गाडी ऐंशीच्या वर जात नव्हती, आणि तेव्हा बायपासही झाला नव्हता. चाकणला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

“दहा मिनिटं,” अमन म्हणाला. “चाकणपर्यंत ती तुमच्याशी बोलत होती, अब्बा. गाडीला जरा दम असता तर दहा मिनिटं आधी पोचलो असतो.”

सलीमभाईंनी सीटवरून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. 

“न्हाई बोलत व्हती.”

“काय?”

“मंचरच्या चौकात आपण अडकलो व्हतो. कांद्याचे ट्रक लागले व्हते बग. तितंच ती गेली.”

अमन वळला. सलीमभाई त्याच्याकडे पाहत नव्हते.

“मी ऐकत होतो,” अमन म्हणाला. “तुम्ही म्हणत होता, पाणी देऊ का. मंचरनंतर खेड आलं म्हणालात. आता थोडंच राहिलं, असंही म्हणालात.”

“मीच बोलत व्हतो.”

“पण कशाला?”

“स्टेअरिंग तुज्या हातात व्हतं, बाबा. तू रडत रडत चालवत व्हतास. मी गप झालो असतो तर तुला कळलं असतं.” ते थांबले. “डोळे मीच मिटले तिचे. तुला आरशात दिसू नये म्हनून ओढणी टाकली तिच्या तोंडावर. तू विचारलंस, आम्मीला झोप लागली का. मी हां म्हनलं.”

बाजूने एक टेम्पो गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी जराशी हलली.

“सहा वर्षं, अब्बा,” अमनचा आवाज चढला. “सहा वर्षं मी तीच दहा मिनिटं मोजतोय. आधी का नाही सांगितलं?”

“येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगायचास, आम्मी चाकणपर्यंत आपल्यासंगं व्हती. ते सांगताना तुजा चेहरा जरा बरा दिसायचा. म्हनलं, ऱ्हाऊ दे तेवढं तुज्यापाशी.” त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. “पन तू त्या दहा मिनिटांपायी असा पळवनार असशील, तर मला तुजी भीती वाटती.”

अमनने कपाळ स्टेअरिंगला टेकवलं. खांदे एकदोनदा हलले. सलीमभाईंचा हात पुढे गेला, मुलाच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला आणि मग तिथे टेकला.

मान वर न करताच अमनने विचारलं, “काही म्हणाली का ती? जाताना?”

“मंचर यायच्या आधी म्हनली, पोरगं सकाळधरनं उपाशी हाय. पोचल्यावर त्याला आदी च्या पाज.”

अमनने मान हलवली. 

समोरून दिशा चालत येत होती. अमन दार उघडून उतरला, तोंडावरून हात फिरवला आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

“मॅडम, परत जाताना तुम्ही चालवा.”

“काही झालं का, सर? गाडी आवडली नाही?”

“गाडी चांगली आहे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या सलीमभाईंकडे, आणि किल्ली घेतली. अमन मागचं दार उघडून वडिलांच्या शेजारी बसला. दोघांमध्ये जागा होती, पण तो सरकून त्यांना लागून बसला. सलीमभाई खिडकीकडे थोडे सरकले, मग पुन्हा होते तिथे आले.

दिशाने आरशात पाहिलं आणि काही न विचारता गाडी सुरू केली. पुढच्या फाट्यावर वळून ती डावीकडच्या लेनला लागली, काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. मागून येणारे टेम्पो, ट्रक, मोटारसायकली हॉर्न वाजवत एकेक करून पुढे निघून गेले.