सतरा नंबरला चार थेंब

प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी एक मावशी होती. एकोणीस वर्षांत तिने एवढ्या बाटल्या धुतल्या, की एकावर एक रचल्या असत्या तर चंद्राला टेकल्या असत्या, आणि वर पोचल्यावर तिने चंद्रही घासून ठेवला असता. आता मात्र गुडघे बोलायला लागले होते. संध्याकाळपर्यंत सिंकपाशी उभं राहून कंबर अशी धरायची, की आता बसावं की तशीच भिंतीला टेकून राहावं, हेच सुचायचं नाही.

घरी थोरली बहीण, ताई. ताईचे हात थरथरायचे, पाय चालता चालता जागीच अडायचे. मेंदूचा आजार. दोन वर्षांपूर्वी मावशीच्याच मॅडमनी ताईच्या दंडाची तांदळाएवढी कातडी घेतली आणि तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशांमध्ये वाढवल्या. बशीवर नाव नाही, नुसता नंबर. सतरा.

"म्हणजे मी घरीपण आजारी नि तिकडेपण," ताई म्हणाली होती.

तेव्हापासून रोज जेवण भरवताना मावशी तिकडच्या बातम्या द्यायची.

"आज तुझी एक पेशी काठ ओलांडून शेजारच्या बशीत साखर मागायला गेली."

"दिली का?"

"बावीस नंबरवाली कसली देतेय. महाचिकट."

ताई हसायची, मग म्हणायची, "चमचा दे इकडे. माझी मी खाते."

"खाशील, आणि अर्धं अंगावर सांडशील. ते धुणार कोण?"

धुण्याचं नाव निघालं की ताई चमच्याचा हट्ट सोडायची. दिवसभर बहीण काय करते ते तिला ठाऊक होतं.

एके दिवशी पेशींच्या उबदार कपाटावर मॅडमनी चिठ्ठी लावली. 'सतरा नंबर. उपाशी. चार तास.'

"उपाशी का?" मावशीने विचारलं.

मॅडम तिच्या लेकीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्या म्हणाल्या, "पोट भरलेलं असलं की पेशी आळशी होते, मावशी. आतलं मोडकंतोडकं तसंच पडू देते. उपास पडला की ते सगळं शोधून पिशवीत भरते, विरघळवते आणि त्यावरच स्वतःचं भागवते. सतरा नंबरच्या पिशव्या भरतात, पण विरघळत काही नाही. साठून साठून पेशी मरते. नवीन औषधाने ते विरघळतंय का, ते बघायचंय. एका बशीत औषध, एका बशीत नाही, आणि दोन्ही उपाशी."

मावशीने सगळं ऐकलं. कळलंही. पण डोक्यात राहिला एकच शब्द, उपाशी. लहानपणी घरात एकच ताट वाढलं जायचं आणि ताई ते हिच्यापुढे सरकवून म्हणायची, मी मघाशीच खाल्लं. ताई कुठे खाऊन येते ते हिला पुष्कळ वर्षांनी कळलं. कुठेच नाही.

मॅडम जेवायला गेल्या. मावशीने हात धुतले, पेशींच्या खाऊची बाटली उघडली आणि सतरा नंबरच्या दोन्ही बशांत चार चार थेंब सोडले. हात इतका सराईत, की मॅडमनी बघितलं असतं तर आधी शाबासकी दिली असती आणि मग कामावरून काढलं असतं. नंतर दोनदा चिठ्ठी लागली. दोन्ही वेळा चार थेंब.

तिसऱ्या खेपेनंतर मॅडम बशा घेऊन सिंकपाशी आल्या. सोबत ब्लीचची बाटली. धुण्याआधी पेशी मारायच्या, हे मावशीचंच काम.

"सतरा नंबर बंद," मॅडम म्हणाल्या. "औषधवाली बशी नि बिनऔषधाची, दोन्ही सारख्याच. तिन्ही वेळा. औषधात काही दम नाही. उद्या तसं लिहून देते." आणि स्टूलवर अशा बसल्या, जणू त्यांनीच एकोणीस वर्षं बाटल्या धुतल्या होत्या.

मावशीने ब्लीचचं झाकण उघडलं. परत लावलं.

"त्या उपाशी नव्हत्या," ती म्हणाली.

"काय?"

"मी खायला घातलं. तिन्ही वेळा."

मॅडम स्टूलवरून उठल्या. मग विचारलं, "किती?"

"चार थेंब."

"फक्त सतरा नंबरला?"

"बाकीच्या माझ्या कोण लागतात?"

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओरडायलाही जीव लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता. "मावशी, पोट भरलेलं असताना पेशी आवरायला घेतच नाहीत, मग औषधाचा गुण दिसणार कुठून? सगळी मेहनत तुम्ही चार थेंबांत बुडवलीत," त्या हळूच म्हणाल्या. "कपाटाची किल्ली द्या. सतराच्या गोठवून ठेवलेल्या पेशी अजून आहेत. त्या वाढल्या की परत करू. त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसायचं. हात मांडीवर."

पंधरा दिवसांनी मावशी कपाटासमोर चार तास बसली. हात मांडीवर. स्वतःचा डबाही उघडला नाही. मॅडम दोनदा म्हणाल्या, तुम्ही खा हो, तुमच्यावर प्रयोग नाही. नाही म्हणाली.

मग मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. बिनऔषधाच्या बशीत पेशींच्या पोटात रंगवलेल्या पिशव्यांचे हिरवे ठिपके खच्चून भरलेले. औषधवाल्या बशीतही ठिपके होते. पण जरा विरळ.

"कमी दिसतायत," मावशी म्हणाली.

"दिसतायत. एका दिवसावर काही खरं नसतं. अजून दोनदा करायचं." मॅडमनी डोळे चोळले. "लिहून द्यायचं थांबवते तोवर."

घरी ताईने विचारलं, "काय करत होत्या आज माझ्या?"

बावीस नंबरवालीशी झालेल्या मारामारीची एक झकास गोष्ट मावशीच्या ओठांवर आली होती. पण थापा मारायलाही आज अंगात त्राण नव्हतं.

"उपाशी होत्या. घर आवरत होत्या."

"आवरलं?"

"थोडं."

"उपाशी कुणी ठेवलं?"

"मी. बसून बघत होते नुसती."

ताईने तिच्याकडे नीट बघितलं. मग थरथरता हात पुढे केला. "चमचा."

मावशीने दिला. पहिला घास मांडीवर गेला, दुसरा हनुवटीवर, तिसऱ्यातला अर्धा तोंडात. वाटी संपायला पाऊण तास लागला. मावशी समोर बसून होती, हात मांडीवर.